परतंत्र, पण खरं

छोट्या कारखान्याच्या ऑफिसात कोपऱ्यात एकच सर्व्हर असतो आणि त्याच्या पोटात तीन-चार व्हर्च्युअल मशीन चालतात. एकावर जमाखर्च, एकावर सगळ्यांच्या फायली, एकावर हजेरी. जमाखर्चाच्या विंडोजला आपली स्वतंत्र डिस्क दिसते. प्रत्यक्षात ती सर्व्हरवरची एक भलीमोठी फाईल असते. मग हे मशीन खरं मानायचं का? अद्वैत्याचं उत्तर ठरलेलं आहे. अधिष्ठान काढून घेताच जे उरत नाही ते मिथ्या. अगदीच नाही असंही नव्हे, आणि आहे असंही म्हणवत नाही. सर्व्हर बंद केला की सगळी मशीन एकदम जातात, म्हणजे पुरावाही हजर. तरी मला इथे तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांचं म्हणणं अधिक पटतं. त्यांनी तत्त्वांची पहिली वाटणी केली ती स्वतंत्र आणि परतंत्र अशी. स्वतंत्र एकटा विष्णू. जग आणि जीव परतंत्र, तरीही पूर्ण सत्य. त्या मशीनवर निघालेल्या बिलाचा जीएसटी खराच भरावा लागतो.

ही वाटणी मानली की अशी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर निवडतानाचा प्रश्नच बदलतो. पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अशा व्यवस्थेच्या अटी मांडल्या होत्या. आतला प्रोग्राम खऱ्या यंत्रावर चालेल तसाच चालावा, फारसा मंदावू नये आणि साधनांवरचा ताबा मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडेच राहावा. व्हीएमवेअर, मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही, २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये असलेलं केव्हीएम, सगळीच यात व्यवहारापुरती उत्तीर्ण आहेत. तीन-चार मशीनांसाठी वेगाचे तक्ते घोकण्यात अर्थ नाही. पाहायचं ते हे, की आपण कुणाच्या मर्जीवर उभे आहोत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली. महिनाभरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून वर्गणी आणली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हीएमवेअरचं फुकट मिळणारं ईएसएक्सआय थांबलं आणि एप्रिल २०२५ मध्ये फुकट आवृत्ती पुन्हा आली. तंत्रात काही बिघडलं नव्हतं. देणं आणि काढून घेणं एकाच मर्जीने झालं. मध्वांचा स्वतंत्र निदान विष्णू तरी होता.

यावर कुणी म्हणेल, व्हीएमवेअर सोडून प्रॉक्समॉक्स घेतलं म्हणून पारतंत्र्य कुठे सुटतं? तेही व्हिएन्नातल्या एका कंपनीचं, डेबियनवर आणि केव्हीएमवर उभं. खरं आहे. पण त्याचा कोड एजीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे. कंपनीने उद्या धोरण बदललं तरी आज दिलेला कोड परत घेता येत नाही. दुसरा कुणी तो पुढे नेऊ शकतो. याहून जड आक्षेप वेगळा आहे. कारखानदार कोड वाचत नाही; तो अवलंबून असतो फोन केल्यावर येणाऱ्या एका तंत्रज्ञावर. त्या तंत्रज्ञाला फक्त विंडोज येत असेल, तर तत्त्वासाठी लिनक्स लादणं म्हणजे एका मालकाऐवजी दोन मालक करणं. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका लायसन्समध्ये दोन विंडोज मशीन चालवता येतात आणि जमाखर्च विंडोजवरच असेल तर मायक्रोसॉफ्टशी गाठ आधीच बांधलेली आहे. अशा ठिकाणी हायपर-व्ही घ्यावं, बिनदिक्कत.

पण घेण्याआधी एक गोष्ट करून पाहावी. एका व्यवस्थेतलं मशीन बॅकअपमधून दुसऱ्या व्यवस्थेवर उभं करावं. व्हीएमवेअरवरचं विंडोज केव्हीएमवर आणून डिस्क केव्हीएमच्या व्हर्टआयओ जोडणीने जोडली आणि आत तो ड्रायव्हर नसला, तर विंडोज निळ्या पडद्यावर अडतं. आधी डिस्क नेहमीच्या साटा जोडणीने जोडून सुरू करायचं, ड्रायव्हर टाकायचा, मगच जोडणी बदलायची. हे सुट्टीच्या दिवशी समजलेलं बरं, वर्गणी संपण्याच्या आदल्या रात्री नव्हे. इथे मात्र मध्वांची सोबत सुटते. त्यांच्या जीवाचं पारतंत्र्य मोक्षातही संपत नाही आणि त्याला दुसरा स्वामी शोधण्याची सोय नाही. मशीनलाही ती नाही. मशीनच्या मालकाला आहे, आणि ती चालते की नाही हे त्याने एकदा तरी तपासलेलं असायला हवं.