रांगण्याची मुदत

मुदतीच्या कायद्याशी वकिलाचा संबंध रोजचा. दावा कितीही न्याय्य असो, मुदत टळली की तो बहुधा न्यायालयाच्या उंबरठ्यावरच संपतो. ही सवय अंगी इतकी मुरते की मनुष्य घरातही दिवस मोजीत वावरू लागतो. माझे तसेच झाले. आणि त्यात पहिली प्रतिवादी ठरली माझी अकरा महिन्यांची कन्या.

ती रांगत नव्हती. तिच्याच वयाचा माझा पुतण्या सातव्या महिन्यापासून घरभर रांगत होता. आमची मात्र चटईवर बसवली की बसून राही, खुळखुळा या हातातून त्या हातात घेई आणि हसे. त्या वर्षी महाशिवरात्रीस सारे कुटुंब बेळगावच्या कपिलेश्वराच्या दर्शनास निघाले, तेव्हा "बाळाला गर्दी सोसायची नाही" असे सांगून मी तिला आईपाशी घरी ठेवले. रात्री आई शांतपणे म्हणाली, "गर्दी तिला सोसली असती रे. लोकांचे प्रश्न तुला सोसले नसते."

मी निरुत्तर झालो. लाजेपायी मी तिला आप्तांपासून लपवले होते. त्याच लाजेपायी डॉक्टरांकडे जाणेही लांबणीवर टाकले होते. दोनच दिवसांनी तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी सावकाश तपासले. अंग फार सैल किंवा ताठ नव्हते, दोन्ही बाजू सारख्या चालत होत्या, एकदा साधलेली हालचाल पुन्हा हरपली नव्हती. यांपैकी एखादे लक्षण असते, तर थांबणे मुळीच योग्य झाले नसते, असे त्यांनी बजावले. मग समजावले की जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या, भारतासह पाच देशांतील बालकांच्या पाहणीत हात-गुडघ्यांवर रांगण्याचा काळ ५.२ पासून १३.५ महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. आणि शंभरांतील चारांहून काही अधिक मुले तशी कधी रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही २०२२ मध्ये बालविकासाच्या आपल्या यादीतून रांगणे वगळले आहे.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. मुलाच्या बाबतीत वाट पाहणे हा धीर की हयगय? माझ्या मते उत्तर वाट पाहण्याच्या दिवसांत नाही, पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे. दक्षता मुलाकडे पाहते; तुलना शेजारच्या मुलाकडे पाहते आणि मग आपल्या प्रतिष्ठेकडे वळते. मी महिनोन्महिने तळमळलो, परंतु त्या तळमळीने मुलीचे यत्किंचितही हित झाले नाही. उलट जे करावयाचे तेच राहून गेले.

ज्या कायद्याचा मी दाखला घेत होतो, तो माझ्याहून उदार निघाला. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या सहाव्या कलमाचा आशय असा की, दावा करण्याचा हक्क उत्पन्न होतेवेळी हक्कदार अज्ञान असेल, तर तो सज्ञान होईतो मुदत त्याच्याविरुद्ध धावत नाही. आपल्या देव्हाऱ्यांतही लोण्याचा गोळा हाती घेतलेला रांगता बाळकृष्ण असतो. पिढ्यान्‌पिढ्या त्यास आपण स्नान घालतो. हा अद्याप उभा का राहिला नाही, असे कोणी पुसत नाही.

मुलगी रांगली नाहीच. बसल्याबसल्या सरकत ती घरभर हिंडू लागली आणि सतराव्या महिन्यात चालली. पुढल्या शिवरात्रीस माझे बोट धरून ती कपिलेश्वराच्या पायऱ्या चढली. तेथे आत्याबाईंनी विचारले, "केव्हा रांगली रे ही?"

"रांगलीच नाही, आत्या," मी म्हणालो.

त्या हसल्या आणि तिला उचलून दर्शनास घेऊन गेल्या. एवढे एक उत्तर द्यावयास नको, म्हणून आदल्या वर्षी मी तिला देवदर्शनास मुकवले होते.