हरून परतणाऱ्यांची वाट



पुनरुत्थान काळातील आजच्या शुभवर्तमानात (लूक २४:१३-३५) दोघे शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसकडे निघाले आहेत. अंतर सुमारे ११ किलोमीटर. हा उतारा आपण आनंदाचा म्हणून ऐकतो. परंतु वाटेला लागताना ते दोघे हरलेले होते. ज्याच्यावर आशा ठेवली तो क्रुसावर गेला. आता घर गाठायचे, एवढेच उरले होते. येशू त्यांना गाठतो, त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि विचारतो, तुमचे काय बोलणे चालले आहे? सर्व ठाऊक असूनही विचारतो, आणि त्यांचे सांगून होईपर्यंत ऐकतो.

आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब अमेरिकेत, न्यू जर्सी येथे स्थायिक आहे. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी मुलांच्या बेसबॉल संघात होता. आपण क्रिकेटवाले, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. मुलांच्या बेसबॉलची 'लिटल लीग' १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी तीन संघांनिशी सुरू केली. सामना सहा डावांचा. चार डावांनंतर एक संघ दहा धावांनी पुढे असेल, तर खेळ तेथेच थांबवतात. लोक त्याला 'दयेचा नियम' म्हणतात. या मुलाच्या संघाच्या वाट्याला ही दया वारंवार आली. संपूर्ण मोसमात त्यांनी एकच सामना जिंकला.

मुलाची आई आम्हाला फोनवर म्हणाली, "फादर, मैदानात हरलेले त्याला सोसते. पण घरी येताना गाडीत बसायला तो नको म्हणतो." कारण गाडीत वडिलांचा वर्ग सुरू होई. बॅट उशिरा फिरवलीस, पाय मागे का घेतलास, लक्ष कुठे होते? वडिलांचा हेतू वाईट नव्हता. एकदा त्यांनी धीर देण्यासाठी टेड विल्यम्सचे उदाहरण दिले. १९४१ साली त्याची सरासरी ०.४०६ होती, म्हणजे एवढा थोर फलंदाजसुद्धा दहापैकी जवळजवळ सहा वेळा अपयशी ठरला. मागच्या सीटवरून उत्तर आले, "मी टेड विल्यम्स नाही."

माहिती अगदी खरी होती, पण हरलेल्या मुलाला त्या घडीला आकडेवारी नको असते. (दहावीच्या निकालाच्या संध्याकाळी आपल्या घरांतही हेच चालते, तेथे फक्त शेजारच्या मुलाचे टक्के असतात.)

येशूने त्या दोघांची चूक दाखवलीच नाही, असे मात्र नव्हे. त्याने त्यांना मंदमती म्हटले, शास्त्र उलगडून सांगितले. पण ते नंतर. आणि त्यांचे डोळे उघडले ते भाकर मोडताना, जेवायला बसल्यावर.

त्या आईने घरात नियम केला. मुलगा स्वतः विषय काढीपर्यंत खेळाबद्दल चकार शब्द नाही. आणि वाटेत थांबून काहीतरी खायचे. पहिले दोन शनिवार गाडीत नुसती शांतता. वडिलांना ती फार जड गेली. तिसऱ्या शनिवारी खाता खाता मुलगा म्हणाला, "मला बॉलची भीती वाटते." मोसमाच्या सुरुवातीस एक चेंडू त्याच्या कोपराला लागला होता. तेव्हापासून तो प्रत्येक चेंडूला मागे सरत होता. बॅट उशिरा फिरण्याचे कारण हे. इतक्या आठवड्यांच्या शिकवणीत ते कोणाच्याच ध्यानी आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मिस्साहून आल्यावर वडिलांनी अंगणात मऊ चेंडू घेतला आणि हळूहळू टाकत राहिले. मुलाचा खेळ फारसा सुधारला नाही, पण तो जागेवर उभा राहू लागला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे की धैर्याचे मुख्य कृत्य चढाई नव्हे, तर संकटात न ढळता टिकून राहणे हे आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे शब्द सांगण्याची गरज नाही. चेंडू येत असताना पाय न हलवणे म्हणजे काय, हे त्याला आता आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आईने आणखी एक विचारले होते. मुलगा मध्येच संघ सोडू म्हणत होता. सोडू द्यावे का? आम्ही म्हणालो, मोसम पूर्ण करू द्या, कारण बाकीची मुलेही हरतच आहेत आणि त्यांच्यातला एक कमी होईल. त्यानंतर त्याचे त्याला ठरवू द्या. त्याने शेवटचा सामनाही खेळला. तोही ते हरले. यंदा त्याने बेसबॉलसाठी नाव दिलेले नाही, पोहायला जातो. वडिलांना थोडी हळहळ वाटते. आम्हाला त्यात काही वावगे दिसत नाही.