संयोगातला तिसरा

वैशेषिकांनी संबंधांचे संयोग आणि समवाय असे दोन प्रकार मानले, आणि या दोहोंत त्यांचा ओढा कोणीकडे होता हे लपत नाही. तंतू आणि पट, गुण आणि गुणी, अवयव आणि अवयवी यांस बांधणारा समवाय त्यांनी नित्य ठरवून स्वतंत्र पदार्थाच्या पंक्तीस बसविला. संयोग मात्र, आधी वेगळी असलेली दोन द्रव्ये एकत्र आली म्हणजे उत्पन्न होणारा आणि ती दूर झाली की नष्ट होणारा म्हणून, चोवीस गुणांपैकी एक गुण होऊन राहिला. ससाणा खांबावर येऊन बसला तर तो एकाच्या क्रियेने झालेला संयोग, दोन मल्ल एकमेकांस भिडले तर तो दोघांच्या क्रियेने झालेला, आणि हाताचा पुस्तकाशी संयोग झाल्यामुळे सबंध देहाचा त्याच्याशी जो होतो तो संयोगापासून झालेला संयोग, अशी त्याची प्रतवारी त्यांनी मोठ्या बारकाईने लाविली. परंतु कोणताही प्रकार घ्या, हिशेब दोघांतच मिटतो. संयोग दोन द्रव्यांच्या आश्रयाने राहतो. तिसऱ्याचा तेथे दाखला नाही. या मताविषयी मला प्रथम शंका आली ती अमेरिकेतील ओहायो संस्थानात, पुतण्याच्या पिकअप ट्रकाला ट्रेलर जोडण्याची सोय चालली असताना.

ईरी सरोवरावर मासे धरण्यासाठी लहानशी होडी ट्रेलरवर घालून न्यावयाची, असा त्याचा बेत होता. त्या मुलखात असा बेत इतका सर्वसामान्य आहे की पिकअपच्या चासीला हिच, म्हणजे ट्रेलर अडकविण्याचा सांगाडा, बसविण्याची छिद्रे पुष्कळदा कारखान्यातूनच पाडून येतात. ट्रकाखाली पाठीवर निजून पुतण्याने हिचचा जड लोखंडी आडवा दांडा जॅकवर तोलून वर चढविला, एक टोक मला धरावयास सांगितले, आणि सगळे बोल्ट आधी नुसत्या हाताने दोन-दोन आटे धरवून घेऊन मग टॉर्क-पान्याने, तो ठरल्या मापाला ‘कट्’ असा आवाज देईपर्यंत, आवळीत नेले. त्यानंतर दोन इंची चौकोनी नळीत, ट्रेलरचे तोंड ज्यावर बसते त्या बॉलचा दांडा सरकला, दांड्यातून आडवी पिन गेली, आणि पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला क्लिप लागली. समवायाचे खंडन करताना शंकराचार्यांनी दाखविलेली अनवस्था मला तेथे आठवली: दोन वस्तूंना जोडणारा संबंध त्यांहून भिन्न असेल तर त्या संबंधाला त्यांच्याशी जोडणारा आणखी एक संबंध हवा, त्यालाही आणखी एक, आणि ही मालिका कोठेच थांबावयाची नाही. बॉलाला पिन, पिनेला क्लिप, क्लिपेला काय? कारागीर या प्रश्नाने डगमगत नाही. मालिका अनंत आहे हे तो नाकारीतही नाही. कोणत्या टप्प्यावर थांबले म्हणजे पुरे, तेवढे तो मापून ठरवितो. वेदान्त्याला ही पळवाट वाटेल. मला ती तशी वाटत नाही, पण तो वाद येथे नको.

संयोगाचा आभासही असतो, हे मात्र जाता जाता सांगितले पाहिजे. 2 5/16 इंची बॉलासाठी घडविलेले ट्रेलरचे तोंड 2 इंची बॉलावर टेकविले तरी कडी बिनतक्रार लागते, दिसावयास सर्व यथास्थित असते, आणि रस्त्यातल्या एखाद्या मोठ्या धक्क्यासरशी तोंड बॉलावरून उडते. नैयायिकांनी हेत्वाभास जसे वेगळे काढून दाखविले तसे हेही कोणी दाखवावयास हवे होते.

खरा प्रश्न उभा राहिला तो वायरिंगपाशी. साध्या ट्रेलरला चार तारा पुरतात: पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या इंडिकेटरची व ब्रेकची, आणि हिरवी उजव्या बाजूच्या त्याच दोन कामांची. आता हिचमुळे ट्रेलर ओढला जातो हे उघड आहे, परंतु या चार तारांमुळे तो रेसभरही अधिक ओढला जात नाही. त्या कापून टाकल्या तरी ट्रक आणि ट्रेलर यांच्या संयोगात कसलेही न्यून येणार नाही; दोघेही पूर्वीइतकेच जोडलेले राहतील. मग त्या कोणासाठी? मागून येणाऱ्या, ज्याचे नावगाव आपणास कधी कळावयाचे नाही, अशा एका माणसासाठी. ट्रक एकटा होता तोवर त्याचे दिवे या माणसाला दिसत होते. होडी जोडली गेली आणि तिच्याआड ते झाकले गेले. दोघांच्या मीलनाने तिसऱ्याचे काही हिरावून घेतले, आणि जे हिरावले ते होडीच्या पाठीमागे पुन्हा मांडून देणे हेच त्या तारांचे काम.

येथे पूर्वपक्षी म्हणेल की हा धर्मशास्त्राचा विषय झाला; पदार्थशास्त्राने काय आहे ते सांगावे, काय असावे ते सांगू नये. परंतु दिवा झाकला जाणे आणि वाढलेल्या वजनामुळे गाडी थांबावयास अधिक अंतर लागणे या आज्ञा नव्हेत, घडलेल्या गोष्टी आहेत, आणि त्या ज्याच्या वाट्याला आल्या तो संयोगाच्या दोन आश्रयांपैकी एकही नाही. गीतेतला लोकसंग्रह आपण बहुधा जनकासारख्या थोरांच्या आचरणाशी नेऊन जोडतो. माझ्या मते त्याचा आरंभ याहून पुष्कळच खाली, कोणत्याही दोघांनी एकत्र येऊन रस्ता अडविला तेथे, होतो.

पांढऱ्या तारेने सर्वांत अधिक वेळ खाल्ला. “काका, इथला रंग खरवडून लोखंड उघडं पाडा, नाहीतर अर्थिंग धरणार नाही,” असे सांगून पुतण्याने माझ्या हाती सँडपेपर दिला. हिवाळ्यात तिकडे रस्त्यांवर मीठ पसरतात, त्याने लोखंडाला जंग चढतो, आणि अर्थिंग कच्चे राहिले म्हणजे वीज परतीची वाट दुसऱ्याच दिव्यांतून काढते. मग डावीकडे वळण्याचा इशारा द्यावा तर भलतेच दिवे मिणमिणू लागतात. शेवटी मी चालकाच्या जागी बसलो आणि तो मागे उभा राहून “ब्रेक दाबा, आता डावा लावा” असे सांगू लागला. माझाच इशारा मला दिसत नव्हता. तो उमटला की नाही याविषयी प्रत्यक्ष प्रमाण मला उपलब्ध नव्हते, मागे उभ्या असलेल्याचा शब्द तेवढा प्रमाण.

आपल्याकडे ऊसहंगामात पश्चिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरामागे दोन-दोन ट्रॉल्या भरून जातात. त्यांची मधली पिन मनगटाएवढी जाड असते व चालक ती उतरून तपासतोही. मागचा दिवा मात्र कित्येकदा नसतोच, आणि रात्री मागून येणारा मोटारसायकलस्वार त्या काळोख्या उसावर जाऊन आदळतो. याला केवळ गाफीलपणा म्हणून मी सोडणार नाही. शेतकरी आणि कारखाना, मुकादम आणि टोळी, असे दोघा-दोघांचे करारमदार आपण चोख करतो. तिसऱ्याचे खाते त्या वहीत उघडलेलेच नसते.

हिचखाली दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या नेऊन अडकविल्या जातात, त्या अशा की ट्रेलरचे तोंड बॉलावरून सुटले तरी ते रस्त्यात न रुतता त्यांच्या फुलीवर तोलले जावे. प्रवासभर त्या काहीच ओढीत नाहीत. मूळ कूळ फिरले तरच ज्याची गरज पडते त्या जामिनासारख्या त्या उभ्या असतात. स्वतःचे ब्रेक असलेल्या जड ट्रेलरांत याच्याही पुढची तजवीज असते: ट्रेलर ट्रकापासून पार तुटलाच तर ताणलेली दोरी एक पिन उपसते, आणि ट्रेलरवरच्या लहानशा बॅटरीने त्याचे ब्रेक आपोआप लागतात. विभाग म्हणजे नुसता संयोगाचा अभाव नव्हे, संयोगाचा नाश करणारा तो एक स्वतंत्र गुण आहे, असे वैशेषिक म्हणत. पुढे काही नैयायिकांनी ही गणना अनावश्यक ठरविली. मी जुन्यांच्या बाजूचा. चालकाची इच्छा आता ट्रेलरपर्यंत पोहोचत नाही, तारा तुटल्यामुळे दिवेही विझले आहेत, आणि तरीही तुटण्याच्या क्रियेनेच मागच्याचे देणे फेडले जाते. निव्वळ अभावाला हे साधले नसते. विभागाचे आश्रय मोजताना मात्र ते जुनेही पुन्हा दोनावरच थांबले.