खलपुरुषाची बाजू

व्यक्तिरेखा जिवंत वाटणे, हा बहुधा लेखनकौशल्याचा विषय मानला जातो. लकब, बोली, पेहराव, परस्परविरोधी वृत्तींचे मिश्रण ही त्याची साधने. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पात्रांची सपाट आणि भरीव अशी विभागणी केली. पटेल अशा रीतीने चकित करण्याची क्षमता ही त्यांच्या लेखी भरीव पात्राची कसोटी होती. या कसोटीत एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. पात्र सपाट राहिले तर केवळ कलाकृती उणावते, की कोणावर तरी अन्यायही होतो?

मराठी कादंबरीच्या आरंभकाळीच हा प्रश्न उभा राहिलेला दिसतो. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातील यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. एका पुरुषाने तरुण विधवेच्या वाणीत शिरून तिचे बालपण, तिचे लिहिणे-वाचणे शिकणे, तिचा अल्पकाळचा संसार इतक्या आतून उभा करावा, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. तिच्यासमोर आहेत शंकरमामंजी : बाहेर सोवळेपणाचे प्रदर्शन, आत स्वार्थ आणि कारस्थान. यमूला मन आहे. मामंजींना केवळ कार्य आहे. कथानकाला दुष्टपणा लागतो, तो त्यांनी पुरवायचा.

येथे कादंबरीच्या हेतूलाच बाध येतो. केशवपनाची रूढी दुष्टांच्या बळावर टिकली नव्हती. ती टिकली होती सामान्य, पापभीरू माणसांच्या संमतीवर. सकेशा विधवेच्या हातचे पाणी धर्मकृत्याला चालत नाही, असे मनापासून मानणाऱ्यांवर. आपल्याच मुलीसाठी न्हाव्याला निरोप धाडणाऱ्या आणि मग रडणाऱ्या वडीलधाऱ्यांवर. सारा दोष एका खलपुरुषाच्या माथी बसला, की वाचक त्याचा द्वेष करतो आणि स्वतः मोकळा होतो. मामंजी भले असते, तर यमू वाचली असती, असे त्याला वाटू लागते. माणूस दोषी ठरतो, रूढी सुटते. त्याच कादंबरीत यमूचे वडील आहेत. घर त्यांच्या करारी स्वभावाखाली दबलेले आहे, पण त्यांना कोणी खलपुरुष म्हणणार नाही. त्यांच्यापाशी वाचकाला ओळखीचे असे काही सापडते, आणि म्हणूनच तेथे आरोप अधिक खोल जातो.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. अन्याय करणाऱ्याची बाजू समजून घेणे हे त्याला क्षमा करण्याचेच पहिले पाऊल नव्हे काय? पीडितांच्या वाट्याला आधीच थोडी सहानुभूती येते. तीही वाटून का द्यावी? या आक्षेपाचे उत्तर सिद्धांतापेक्षा उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीत अधिक स्पष्ट मिळते. वऱ्हाडातल्या शिंपी कुटुंबातील कौतिक संसार सावरण्यासाठी झिजत असते. नवरा महादेव निष्क्रिय. पुढे त्याला महारोग जडतो. शेळके यांनी त्याला राक्षस केले नाही. रोगाला त्याच्या आळसाची शिक्षा ठरवले नाही, आणि त्या रोगामुळे तो सज्जन झाला असेही दाखवले नाही. कौतिकचा मानी स्वभाव, तिची ईर्षा हीही तिच्या दुःखाच्या जडणघडणीत सामील आहेत. तरीही कौतिकवरील अन्याय तिळमात्र हलका होत नाही. महादेवाची कीव येते आणि त्याचा रागही टिकून राहतो. तो राग एकाच माणसावर टाकून निश्चिंत होण्याची सोय तेवढी उरत नाही.

अर्थात, न्याय म्हणजे गुणदोषांची समसमान वाटणी नव्हे. क्रूर सावकाराला नातवाचा लळा लावून दिल्याने तो भरीव होत नाही. ती केवळ डागडुजी ठरते. आपले कृत्य त्याला स्वतःला कोणत्या कारणाने योग्य वाटते, हे लेखकाला दाखवता यावे लागते. ते कारण खोटे असेल, पण त्याच्यापुरते पुरेसे असले पाहिजे.

प्रश्नाला आणखी एक अंग आहे. कोणाला मन असते, हे कोण ठरवते? सोशिक गडी, इमानी मोलकरीण, दयापात्र अस्पृश्य अशी माणसे साहित्यात दीर्घकाळ प्रामुख्याने इतरांच्या सद्गुणांची परीक्षा घेण्यापुरती येत राहिली. त्यांचे सपाटपण दुष्टाव्यातून नव्हे, करुणेतून आलेले होते. अन्याय मात्र तोच. १९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले, तेव्हा अशा माणसांच्या वतीने नव्हे, त्यांच्यातूनच कोणी बोलू लागले होते. या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकच माणूस सांगणारा आणि ऐकणारा होतो. स्वतःची लाज, आपल्या माणसांच्या उणिवा हे काहीच त्याने लपवले नाही. केवळ दयापात्र म्हणून उरणे त्याने नाकारले. दोषांसह पूर्ण माणूस असण्याचा हक्क मागितला.

शंकरमामंजींना जे नाकारले गेले आणि दगडूने जे स्वतः मिळवले, ते मुळात एकच आहे. निर्दोष ठरवले जावे ही ती मागणी नव्हे. निवाड्यापूर्वी ऐकून घेतले जावे, एवढीच आहे. ज्याच्याशी लेखकाचा सर्वाधिक विरोध, त्या पात्राच्या वाट्याला हे ऐकून घेणे किती आले, यावरून कादंबरीची न्यायबुद्धी जोखावी.