नाणे पारखून घ्या



आजार लांबतो, धंदा बुडतो, मुलीचे लग्न जमता जमत नाही. अशा वेळी मनुष्य एखाद्या बाबांच्या दारी जातो, किंवा जगातील साऱ्या प्रश्नांची उत्तरे एकाच सूत्रात सांगणाऱ्या वक्त्याच्या मागे लागतो. अशा व्यक्तीला हसणे सोपे आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या हाती आपण आपले मन आणि घरदार सोपवीत आहोत, त्याची पारख करणे हा श्रद्धेचा अवमान आहे काय?

इमाम गजाली (रह.) यांच्यापुढे हाच प्रश्न होता. १०९१ साली ते बगदादच्या विख्यात निजामिया मदरशात अध्यापक झाले. तीनशे विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता, फावल्या वेळात त्यांनी तत्त्वज्ञांचे ग्रंथ स्वतः वाचून समजून घेतले आणि मगच त्यांच्यावर टीका केली. 'अल-मुन्किज मिनज्जलाल' या आत्मवृत्तात त्यांनी दोन धोके दाखवले आहेत. तत्त्वज्ञांचे गणित अचूक असते. ते पाहून भारावलेला वाचक ईश्वर आणि परलोक यांविषयीची त्यांची मतेही तितकीच अचूक मानू लागतो, हा पहिला धोका. दुसरा धोका धर्माच्या अडाणी मित्राकडून येतो. तो धर्मरक्षणासाठी त्यांचे ग्रहणाचे गणितही खोटे ठरवतो. मग ज्याला गणित कळते, त्याला धर्मच अज्ञानावर उभा आहे असे वाटू लागते.

आपल्या घरांतही हेच घडते. बाबांच्या दुआनंतर एकाचा ताप उतरला, म्हणून त्यांचा प्रत्येक शब्द सत्य ठरतो. वक्त्याची एक गोष्ट पटली, म्हणून उरलेल्या नव्याण्णव न तपासता स्वीकारल्या जातात.

ग्रहणाचाच विषय निघाला आहे, तर एक प्रसंग आठवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे बाळ इब्राहीम (रजि.) मृत्यू पावले, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. पित्याचे काळीज दुःखाने भरलेले होते आणि लोक आपण होऊन त्यांची थोरवी गात होते. केवळ मौन बाळगले असते तरी तो समज रूढ झाला असता. परंतु प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की, सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्माने वा मृत्यूने त्यांना ग्रहण लागत नाही. खरा मार्गदर्शक अनुयायांच्या भोळेपणावर आपली प्रतिष्ठा उभारत नाही. आदरणीय अबू बकर (रजि.) यांनीही खलीफा होताच लोकांना सांगितले की, मी चुकलो तर मला सरळ करा.

मग उस्ताद नकोतच काय? तसे नव्हे. गजाली (रह.) स्वतः १०९५ साली मानमरातब सोडून सूफी साधनेकडे वळले. पण वळले ते पारखून. त्यांनीच दिलेला दृष्टान्त आहे: नाण्यांची पारख असलेला सराफ खोटी नाणी पाडणाऱ्याच्या थैलीत हात घालूनही अस्सल सोने वेचून घेतो, ज्याला पारख नाही, त्याने मात्र त्या थैलीपासून दूर राहावे.

म्हणून, बंधु-भगिनींनो, उस्तादांचा आदर करा, त्यांच्याकडून शिका. परंतु जो प्रश्न विचारताच रागावतो, दुआची किंमत सांगतो किंवा आजाऱ्याचे औषध बंद करायला लावतो, त्याच्या दारातून परत फिरा. त्याला प्रश्न विचारल्याने तुमच्या ईमानला धक्का लागत नाही. आपल्या मुलांनाही हे धैर्य शिकवा. घरात 'कशावरून?' असे विचारणाऱ्या मुलाला गप्प केले, तर उद्या बाहेरच्या ढोंग्यापुढेही ते गप्पच बसेल.

अल्लाह आपणा सर्वांना सत्य ओळखण्याची आणि ते स्वीकारण्याची सद्बुद्धी देवो. आमीन!