निरोप आणि संवाद

कान मंद झालेल्या वृद्ध आईवडिलांशी दूरध्वनीवर कसे बोलावे, हा प्रश्न वरवर पाहता यंत्राचा वाटतो. आवाज वाढवला, चांगले श्रवणयंत्र आणले की तो सुटला, असे आपण समजतो. परंतु त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो नीतीचा आहे : ज्याला नीट ऐकू येत नाही त्याच्याशी बोलायचे, की त्याच्याविषयी बोलायचे?

आपल्या वऱ्हाडातील घरांत हा प्रसंग नित्याचा आहे. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली, एक मुलगा नोकरीसाठी मुंबईला किंवा आखातात, आणि आईवडील अमरावतीला नाहीतर अकोल्याला दुसऱ्या मुलाच्या संसारात. एकेकाळी पोस्टकार्डाची वाट पाहावी लागे. पुढे एस.टी.डी.च्या पिवळ्या फलकाखाली, रात्री दर उतरल्यावर रांग लागे. आज फोन उशाशी असतो. रविवारी मिस्सेनंतर तो वाजतो. "आयकू येते काय वं माय?" "हाव, हाव." पुन्हा काहीतरी विचारले जाते, पुन्हा "हाव" येते, आणि दोन मिनिटांत फोन सुनेच्या हाती जातो. "आईची तब्येत कशी आहे? गोळ्या घेते ना?" आई शेजारीच बसलेली असते, परंतु त्या क्षणापासून ती 'तू' राहत नाही, 'ती' होते.

मायच्या त्या 'हाव'ला खोटे म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. लेकराचा खोळंबा होऊ नये, पुन्हा पुन्हा विचारून आपले हसे होऊ नये, म्हणून दिलेला तो होकार असतो. ऐकू न आलेल्या शब्दांचा अंदाज बांधणे हे थकवणारे काम आहे. तेव्हा खरा प्रश्न तिने 'हाव' का म्हटले हा नसून, त्या 'हाव'वर आपण समाधान का मानले, हा आहे.

या अडचणीचे शास्त्रही समजून घ्यावे. वार्धक्यात बहुधा उंच पट्टीतले ध्वनी आधी हरपतात. स, श, च यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात. साधा टेलिफोन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा वाहून नेतो. 'स'चा बराचसा जोर त्याच्या पलीकडे राहतो. समोर बसून बोलताना ओठ दिसतात, चेहरा दिसतो. फोनवर तोही आधार नाही. म्हणून 'सहा'चे 'दहा' होतात आणि गोळीची वेळ चुकते. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत, उलट दुबळ्या झालेल्या कानाला मोठा आवाज बोचतो आणि माय म्हणते, "वरडू नको." तिला राग आलेला नसतो, तिचा कान दुखावलेला असतो.

ज्याच्या नावावर टेलिफोनचा शोध आहे, त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलची कथा येथे आठवते. तो बोस्टन येथे कर्णबधिरांचा शिक्षक होता. त्याच्या आईला फार कमी ऐकू येई, आणि १८७७ साली त्याने जिच्याशी विवाह केला ती मेबल लहानपणीच्या तापाने पूर्ण बहिरी झालेली होती. १८७६ साली पेटंट मिळालेल्या त्या यंत्रातून त्याचा आवाज जगभर जाणार होता. पण पत्नीला तो ऐकू येणे शक्य नव्हते. आईशी बोलताना मात्र तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन, सावकाश आणि स्पष्ट बोलत असे. जवळ जाण्याचे काम त्याने तिच्यावर टाकले नाही, स्वतः केले.

कोणी म्हणेल, घरातली सून निरोप सांगतेच ना? स्पीकर लावून सगळ्यांनी ऐकले तर काय बिघडले? ही मदत खरी आहे. दिवसभर कष्ट करून सासूला प्रत्येक वाक्य कानाशी सांगणाऱ्या सुनेचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु निरोप म्हणजे संवाद नव्हे. लेकीला सांगावे अशी गोष्ट माय सुनेच्या तोंडून कशी सांगेल? एखादे दुखणे, एखादी खंत, घरातलाच एखादा सल, स्पीकरवर कसा बोलेल? बहिरेपणाने आवाज तर जातोच, पण एकांतही जातो, आणि ही हानी कोणाच्या ध्यानात येत नाही. २००७ च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांचे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार ही मुलांची जबाबदारी ठरवली आहे. मनातले बोलायला दोन घटकांचा एकांत द्या, अशी आज्ञा कोणताही कायदा करू शकत नाही. ती चौथ्या आज्ञेच्या मर्मात आहे. मान राखणे म्हणजे केवळ पोसणे नव्हे.

मार्कच्या शुभवर्तमानातील बहिऱ्या माणसाची घटना आपण अनेकदा ऐकली आहे. प्रभूने त्याला बरे करण्यापूर्वी गर्दीतून एका बाजूला नेले, या तपशिलाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. ज्यांच्या नावाच्या संघाचे धर्मगुरू आपल्या वऱ्हाडात सेवेला आले, ते संत फ्रान्सिस द सेल्स कर्णबधिरांचे आश्रयदाते मानले जातात. मार्टिन नावाच्या बहिऱ्या तरुणाला त्यांनी खुणांच्या साहाय्याने धर्मशिक्षण दिले. ऐकू येणाऱ्याने कष्ट घ्यावेत, हाच दोन्हींचा बोध.

हे कष्ट फार मोठे नाहीत. मायच्या कानाला मशीन असेल तर फोन कानाच्या भोकाशी नव्हे, मशीनच्या मायक्रोफोनजवळ धरायला शिकवावे. मशीनमध्ये टेलिफोनसाठी 'टी' ही सोय किंवा ब्लूटूथ आहे का, हे तपासणाऱ्याला विचारावे. ऐपत नसेल तर २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्र मिळू शकते. कान झाकणारे हेडफोन लावले तर स्पीकरची गरज उरत नाही. इंटरनेटवरचा कॉल बहुधा अधिक स्पष्ट असतो, आणि व्हिडिओवर ओठही दिसतात. टीव्ही बंद करावा. वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न ओरडता शब्द बदलावा : "सहा वाजता, पाचनंतरच्या सहाला." "कळले का?" असे न विचारता "मग किती वाजता घेशील?" असे विचारावे. वाचता येत असेल तर चार ओळी लिहून पाठवाव्यात. आणि काहीच साधत नसेल, मध्यस्थ लागणारच असेल, तर तो कोण असावा हे मायला विचारावे. तो निवडण्याचा अधिकार तिचा आहे.

काही वृद्धांना फोनच नकोसा होतो. त्यांच्यावर त्याची सक्ती करणे हाही मान नव्हे. त्यांच्यासाठी गाडीचे तिकीट काढावे. परंतु फोनवर असो की समोर, बोलणे आईविषयी न होता आईशीच व्हावे. ज्या मायने आपल्या बोबड्या बोलांचा अर्थ न कंटाळता लावला, तिला आपला एक शब्द कळेपर्यंत थांबणे, एवढेच तिचे मागणे आहे. आणि तेही ती तोंडाने मागत नाही.