खोटा क्रामो, खरा क्रामो

घानातील अकान लोकांची अदिंक्रा चिन्हे बहुतेकांना माहीत होतात ती 'सांकोफा'मुळे. मान मागे वळवलेला पक्षी. मागे विसरलेले परत जाऊन आणण्यात कमीपणा नाही, हा त्याचा अर्थ. पण आम्ही थबकलो ते वेगळ्याच एका चिन्हापाशी. त्याचे नाव म्हणजेच एक म्हण आहे : वाईट क्रामोमुळे आम्हाला चांगला क्रामो ओळखू येत नाही. आणि क्रामो म्हणजे मुसलमान!

ही चिन्हे भोपळ्याच्या कवचावर कोरतात आणि झाडाची साल उकळून केलेल्या काळ्या रंगाने कापडावर उमटवतात. कुमासीजवळचे न्तोन्सो गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. हा पोशाख मूळचा मय्यतीचा, निरोपाचा. त्यात मुसलमान आला कसा?

कुमासी ही असांते राजांची राजधानी. 1817 साली बॉडिच नावाचा इंग्रज तिथे गेला, तेव्हा शहरात मुसलमान व्यापारी आणि आलिम होते. (त्याने आणलेले एक अदिंक्रा कापड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.) राजा मुसलमान नव्हता, तरी आलिमांनी लिहिलेले ताईत लढाईच्या अंगरख्यावर शिवले जात. म्हणजे शेजाऱ्याने क्रामोला पाहिले ते नमाजात कमी, ताइतात अधिक. जिथे ताइताला किंमत, तिथे भोंदू येणारच. ही म्हण तिथूनच निघाली असावी, असा आमचा आपला तर्क. आज ते चिन्ह ढोंगाविरुद्धचा इशारा मानले जाते. मुनाफिकाबद्दल आपल्याकडेही सौम्य शब्द नाहीत.

तरी प्रश्न उरतो : ओळख पटत नाही, हा दोष कोणाचा? म्हण तो वाईटावर टाकते. ते खरेच आहे. मोहल्ल्यात गंडा-ताईत विकून विधवेला लुबाडणारा बसतो आणि बिरादरीची बदनामी नको म्हणून चारचौघे गप्प राहतात. तेव्हा चांगल्याला झाकायला ते चौघेही हातभार लावतात. पण म्हणीत 'आम्हाला' हा शब्दही आहे. पाहणारा स्वतःला वगळत नाही. चांगला क्रामो नाहीच, असे अकान म्हणत नाहीत. तो आहे, आमची नजर पोहोचत नाही, एवढेच म्हणतात.

आमच्याकडे खोली भाड्याने मागायला गेले की नाव ऐकताच "कालच गेली" असे उत्तर येते. त्या घरमालकाला ही म्हणसुद्धा लागू पडत नाही. त्याने वाईट क्रामोही पाहिलेला नसतो.